पार्सल मिळाले नाही, असा दावा आल्यावर विक्रेत्यांनी टाळायच्या चुका

आमसुले, कोकम आगळ, आंबापोळी, काजूगर किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्या कोकणातल्या लहान विक्रेत्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती एका वाक्याची : "पार्सल मिळाले नाही, पैसे परत करा." माल हातचा गेलेला असतो, टपालखर्च झालेला असतो आणि बाजारपेठेने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला की विक्रीची रक्कमही खात्यातून वळती होते. कुडाळहून हा व्यवसाय करताना माझे मत असे झाले आहे की ग्राहकाच्या खोटेपणामुळे आपण क्वचितच हरतो. पार्सल बांधताना, बुकिंग करताना आणि पहिले उत्तर लिहिताना जे राहून जाते, ते आपल्याला हरवते.

पहिल्याच उत्तरात संशय घेणे

ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसते म्हणून "तुम्हाला माल मिळालेला आहे" असे ताडकन लिहून टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. एका भाद्रपदात डोंबिवलीच्या एका ताईंचा दावा माझ्याकडे आला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माल पोहोचल्याची नोंद होती आणि आपल्याला काहीच मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना तीनच गोष्टी विचारल्या : त्या दिवशी घरी कोण होते, इमारतीला वॉचमन आहे का, आणि शेजारी कोणी पार्सल घेते का. तेव्हा कळले की त्या सहकुटुंब गणपतीसाठी देवगडला आल्या होत्या आणि फ्लॅट बंद होता. परतल्यावर त्यांनी वॉचमनच्या केबिनमध्ये पाहिले, तर आगळाच्या दोन बाटल्यांचा खोका टेबलाखाली तसाच पडलेला होता. ज्याने तो घेतला त्याची पाळी बदलली होती आणि दुसऱ्याला काही ठाऊक नव्हते. त्या खोटे बोलत नव्हत्या आणि ट्रॅकिंगही खोटे नव्हते. मी पहिल्याच उत्तरात त्यांना खोटे ठरवले असते, तर त्यांनी तो खोका शोधण्याची तसदी घेतली नसती.

मुंबई-ठाण्याचे आपले बरेचसे ग्राहक चाकरमानी असल्याने गणपती, शिमगा आणि मे महिना या दिवसांत त्यांची घरे बंद असतात. या काळातील ऑर्डर पाठवण्यापूर्वी, "या तारखांना आपण घरी असाल ना?" एवढे बाजारपेठेच्याच संदेशातून विचारून ठेवावे. बरेच दावे या एका प्रश्नाने उद्भवतच नाहीत.

'डिलिव्हर्ड' या शब्दालाच पुरावा समजणे

पोहोचल्याची नोंद आणि पोहोचपावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद एवढेच सांगते की कोणीतरी उपकरणावर तशी खूण केली. माल कोणी घेतला, कोणत्या पत्त्यावर घेतला, सही कोणाची, ओटीपी दिला का, हे पोहोचपावतीवरूनच कळते. दावा आला की कुरिअरकडून किंवा टपाल कार्यालयाकडून हा तपशील लेखी मागवावा. तोंडी "दिलेले आहे" याला निकालाच्या वेळी काही किंमत राहत नाही.

टपालाने पाठवणाऱ्यांनी एक बदल नीट समजून घ्यावा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते, म्हणजे त्या पत्त्यावरील दुसरी व्यक्तीही ते घेऊ शकते. माल नाव असलेल्या व्यक्तीलाच किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच द्यावा असे हवे असेल, तर नोंदणीची वेगळी सुविधा घ्यावी लागते, आणि ओटीपी घेऊनच माल द्यावा असे हवे असेल, तर तीही सुविधा वेगळी आहे. ऑक्टोबर २०२५ च्या नव्या दरांनुसार या दोन्हींना प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी पडतो. हजार रुपयांच्या काजूगरांवर एवढा खर्च न करणे ही काटकसर नव्हे. परदेशात खेळणी किंवा गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पेपाल ही पैसे देवघेवीची सेवा आणि ईबे ही ऑनलाइन बाजारपेठ ७५० डॉलर व त्यावरील व्यवहारांत सहीसह पोहोचल्याचा पुरावा मागतात. केवळ ट्रॅकिंग तिथे पुरत नाही.

फोनवरून पत्ता बदलून देणे

"दादा, ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा ना," असा फोन येतो आणि आपण माणुसकीने खोक्यावरचा पत्ता बदलतो. त्या क्षणी आपला बचाव संपतो, कारण निकाल देणारा ऑर्डरमध्ये नोंदलेला पत्ता आणि पोहोचपावतीवरील पत्ता जुळतो की नाही, हेच पाहतो. ग्राहकाला ऑर्डर रद्द करून योग्य पत्त्यावर नव्याने नोंदवायला सांगावे. एखादी ऑर्डर गेली तरी चालेल.

कोकणातल्याच गावी माल पाठवायचा असेल, तर पत्त्याची काळजी आणखी घ्यावी लागते. गावडेवाडी, देऊळवाडी, बाजारपेठ ही नावे गावोगाव आहेत. रत्नागिरी जिल्ह्याचे बहुतेक पिन कोड ४१५ ने (राजापूरकडचे ४१६ ने), तर सिंधुदुर्गाचे ४१६ ने सुरू होतात, आणि ४१६ ने कोल्हापूर-सांगलीकडचेही कोड सुरू होत असल्याने पुढचा एक आकडा चुकला तरी पार्सल घाट चढून जाते. वाडी, गाव, पोस्ट, तालुका आणि जवळची खूण एवढे पत्त्यात आहे ना, हे बुकिंगपूर्वी पाहावे.

बांधणी आणि पावती यांकडे दुर्लक्ष

पावसाळ्यात हरवलेली पार्सले पुष्कळदा चोरीला गेलेली नसतात. त्यांचा पत्ता धुऊन गेलेला असतो. आगळाच्या बाटलीचे झाकण किंचित सैल राहिले तरी तो लालभडक रस खोक्यातून बाहेर येतो आणि लेबलवरची अक्षरे गिळतो. म्हणून बाटली वेगळ्या पिशवीत बंद करावी, लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण फिरवावी आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत ठेवावी. बाहेरचे लेबल गेले, तरी खोका उघडणाऱ्याला आतल्या चिठ्ठीवरून तो मार्गी लावता येतो.

बुकिंगची पावती बहुधा थर्मल कागदावर असते आणि आपल्या दमट हवेत तिच्यावरची अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात. काउंटरवरून हलण्यापूर्वीच तिचा फोटो काढावा. टपालाचा १३ अक्षर-अंकी ट्रॅकिंग क्रमांक, वजन आणि तारीख त्यात स्पष्ट वाचता आली पाहिजे. वजनाचे महत्त्व फार आहे : "खोका आला, पण रिकामा होता" असा दावा आला, तर बुकिंगच्या वेळचे वजन हाच आपला खरा साक्षीदार असतो. बंद केलेला खोका काट्यावर ठेवून, वजन आणि लेबल एकाच चौकटीत येईल असा फोटो काढण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

घाईने दुसरा माल पाठवणे

ग्राहक नाराज होऊ नये म्हणून दावा आल्याच्या दिवशीच मी एकदा आंबापोळीचे दुसरे पार्सल पाठवले आणि तसे व्हॉट्सअॅपवर कळवले. तिकडे बाजारपेठेने रिफंडही दिला, आणि चार दिवसांनी पहिले पार्सलही पोहोचले. माझे सगळे बोलणे व्हॉट्सअॅपवर झाले होते, त्यामुळे बाजारपेठेच्या नोंदीत मी एक शब्दही उत्तर न दिलेला विक्रेता होतो. तेव्हापासून रिफंड की दुसरा माल, हे ग्राहकाकडून बाजारपेठेच्या संदेशातच लिहून घेतल्याशिवाय मी काहीच पाठवत नाही.

मुदत आणि कायदा यांबद्दल चुकीच्या समजुती

दाव्याची नोटीस आल्यावर उत्तरासाठी मिळणारा वेळ थोडा असतो. एट्सी या हस्तकलेच्या परदेशी बाजारपेठेवर ग्राहकाने मदत मागितल्यानंतर ४८ तासांत प्रश्न सुटला नाही, तर त्याला रीतसर केस उघडता येते. गावात दोन दिवस वीज किंवा नेटवर्क नसणे हे आपल्याला नवीन नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी उत्तर देता येईल अशी व्यवस्था पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हेही विक्रेत्याकडून तक्रारीची पोहोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षितात.

"कुरिअरकडे दिले की माझी जबाबदारी संपली," असे अनेक जण ठामपणे सांगतात. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम ३९ मध्ये वाहतूकदाराच्या ताब्यात दिलेला माल प्रथमदर्शनी ग्राहकाला दिल्यासारखा मानला जातो, हे खरे आहे. परंतु बाजारपेठेवर दुकान उघडताना आपण तिच्या अटी मान्य केलेल्या असतात, आणि माल स्वतः पाठवणाऱ्या विक्रेत्याकडे त्या सहसा ग्राहकाच्या पत्त्यावर पोहोचल्याचा पुरावा मागतात. बाजारपेठेचीच वाहतूक सेवा वापरली असेल, तर भार बराच हलका होतो, मात्र भरपाईचा अर्ज आपणच मुदतीत करायचा असतो.

उशीर आणि गहाळ होणे यांतला फरकही दाव्याच्या उत्तरात स्पष्ट लिहावा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही खोळंबले होते. परशुराम किंवा करूळ घाटात दरड कोसळली, तर पार्सल कोणत्या केंद्रावर थांबले आहे ते ट्रॅकिंगवर दिसते; ती नोंद आणि नवी अपेक्षित तारीख ग्राहक विचारण्यापूर्वीच कळवावी, कारण पावसाळ्यातले निम्मे दावे न कळवल्यामुळे येतात, असा माझा अनुभव आहे.

निकालानंतर फाइल मिटणे

रिफंड गेला की विक्रेता ट्रॅकिंग पाहणे सोडून देतो. ते करू नये. वाहतूकदाराकडे गहाळ मालाची लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपावा आणि पुढचे काही आठवडे नोंद पाहत राहावे. माझे आमसुलांचे एक पार्सल रिफंडनंतर तिसऱ्या आठवड्यात नागपूरला पोहोचले. मी पोहोचपावतीसह बाजारपेठेच्या संदेशातून दोन ओळी लिहिल्या, आरोप केला नाही. ग्राहकाने त्याच संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच रकमेची ऑर्डर नोंदवली आणि खाली लिहिले : माल पाठवू नका, पहिला मिळाला आहे. तिथेही मी त्यांना नमस्कार करून ती ऑर्डर रद्द करायला लावली, कारण माल न पाठवता घेतलेली ऑर्डर हा पुढचा दावाच ठरला असता. पैसे कसे घ्यायचे, हे बाजारपेठेच्या मदत विभागाला लेखी विचारून मगच ठरवले.