ग्लो प्लग सारखा जातोय? आधी जुना नीट पाहा

नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की डिझेल गाडीचा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडरच्या आत तापणारा प्लग) मेलाय हे कळतसुद्धा नाही. कळतं ते डिसेंबरच्या पहाटे, पारा १० च्या खाली आला की. मग नवा प्लग बसतो, आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

काढलेला प्लग फेकू नका. कोणत्या सिलिंडरचा, ते लिहून ठेवा. दर वेळी एकाच सिलिंडरचा जात असेल आणि टोक वितळलेलं किंवा खाल्लेलं दिसत असेल, तर संशय इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर: तो थेंब गाळतोय किंवा फवारा चुकतोय. सगळेच जात असतील, टोकं फुगलेली असतील, तर रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटलाय का बघा. इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटांनीही प्लगला करंट मिळतोय? मग रिले किंवा कंट्रोलरच बदला. चालू इंजिनावर बॅटरीचं व्होल्टेज साधारण १४.७ च्या वर जात असेल, तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही तपासा.

आणखी एक, जे फार जण विसरतात: प्लगचं व्होल्टेज रेटिंग. दिसायला सारखे असले तरी काही ११ व्होल्टचे, काही ५ च्या आसपासचे. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. काढताना इंजिन कोमट हवं. थंड इंजिनात जोर लावला तर प्लग आतच तुटतो.