जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि दोन अंतरं

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी सव्वीस वर्षं लेथवर काढली. त्यामुळे मामांच्या पश्चात त्यांचा झेनिट-ई हा जुना फिल्मचा कॅमेरा माझ्या हातात आला, तेव्हा मी पहिल्यांदा लेन्स सोडवून तिचे आटे बघितले. ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर. सोव्हिएत कारखान्यात कापलेले, आणि अजून असे मऊ फिरतात की हाताला सुख वाटावं. लेन्स होती हेलिओस ४४-२: फोकल लांबी ५८ मिलिमीटर, अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडलं की एफ २ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं). तीच आज माझ्या सोनी ए-सेव्हन-टू या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लागते आणि ठाण्यातले माझे बहुतेक फोटो तिनेच काढलेत.

अशी एखादी लेन्स तुमच्याही घरी कपाटात असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. या कामात दोन अंतरं जमली की बाकी सगळं जमतं. एक, लेन्सच्या बुडापासून कॅमेऱ्यातल्या सेन्सरपर्यंतचं, म्हणजे चित्र जिथे उमटतं तिथपर्यंतचं. दुसरं, तुमच्यापासून समोरच्या माणसापर्यंतचं. पहिलं व्हर्नियरने मोजायचं, दुसरं डोळ्याने. आणि पहिलं चुकलं की दुसरं आपोआप चुकतं. हे कळायला मला वर्ष लागलं.

आधी पहिलं अंतर. प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसवायच्या पद्धतीचं, ते ठरलेलं असतं. हेलिओस आणि टाकुमारसारख्या ४२ मिलिमीटर आट्यांच्या लेन्ससाठी ४५.४६ मिलिमीटर, जुन्या निकॉनसाठी ४६.५, ऑलिंपस ओएमसाठी ४६, मिनोल्टासाठी ४३.५, कॅनन एफडीसाठी ४२. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसल्यामुळे हे अंतर फार कमी असतं: सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७. मधली जागा भरून काढतो तो अॅडॉप्टर. त्यात काच नसते, नुसती पोकळ नळी. माझ्या जोडीसाठी तिची जाडी हवी ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिलिमीटर.

आरशाच्या डीएसएलआरवरही काही जुन्या लेन्स चालतात. कॅननचं अंतर ४४ असल्यामुळे तिथे दीड मिलिमीटरची चकती पुरते. फक्त लेन्सचा मागचा भाग आरशाला घासत नाही ना, ते बघा. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतरच ४६.५. तिथे हेलिओस लावली तर लांबचं स्पष्ट दिसणार नाही, कारण लेन्स जितकी आत जायला हवी तितकी जागाच नाही. मधे भिंग असलेले अॅडॉप्टर मिळतात, पण त्यांनी चित्र बिघडतं. घेऊ नका.

माझा पहिला अॅडॉप्टर ऑनलाइन मागवलेला होता. दिसायला देखणा, काळा, घट्ट बसणारा. घरात मुलीचे फोटो सुंदर आले. मग कळव्याच्या पुलावरून पारसिकचा डोंगर काढला तर डोंगर लोण्यासारखा. मला वाटलं, लेन्सच गेली. दोन रविवार तिला दोष दिला आणि तिसऱ्या रविवारी अॅडॉप्टर व्हर्नियरमध्ये धरला. चार ठिकाणी मोजला: २७.५८. बारा शतांश जास्त.

एवढ्याने काय होतं, याचा हिशोब सोपा आहे. फोकल लांबीचा वर्ग करा आणि जास्तीच्या जाडीने भागा. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१२, येतात २८,०३३ मिलिमीटर. म्हणजे २८ मीटरच्या पलीकडचं काहीही त्या लेन्सला स्पष्ट दिसणार नव्हतं. रुंद लेन्सला हा फरक जास्त बोचतो. २८ मिलिमीटरची लेन्स लावली असती तर साडेसहा मीटरलाच भिंत आली असती.

अॅडॉप्टर जाड निघाला तर सरळ परत करा. माझी परत करायची मुदत उलटून गेली होती. मागची प्लेट चार स्क्रू काढून सुटी केली, सरफेस प्लेटवर पॉलिश पेपर पसरला आणि इंग्रजी आठाचा आकडा काढत, दर वीस फेऱ्यांनी मोजत, २७.४५ वर आणली. नंतर रॉकेलने धुतली, कारण अॅल्युमिनियमचा एक कणसुद्धा सेन्सरवर जाता कामा नये. सपाट प्लेट आणि मोजायची सवय नसेल तर हे घरी करू नका. एक बाजू कमी-जास्त झाली की फोटोचा एक कोपरा कायमचा मऊ येतो.

बाजारातले बरेच अॅडॉप्टर मुद्दाम थोडे पातळ ठेवलेले असतात, म्हणजे लांबचं दिसत नाही अशी तक्रारच येत नाही. त्याची किंमत पुढे दुसऱ्या अंतरात मोजावी लागते. पातळ अॅडॉप्टरला मात्र उपाय सोपा आहे: प्लेटखाली योग्य जाडीची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती.

आट्यांबद्दल एक सांगतो, कारण माझ्या ओळखीच्या एका मुलाने लेन्स अशीच अडकवून घेतली. टी-माउंट नावाच्या दुसऱ्या एका माउंटचाही व्यास ४२ मिलिमीटरच, पण पिच ०.७५. एक-दोन फेरे सहज जातात, मग आटे चढतात. जोर लावायचा नाही. लेन्स आधी उलटी फिरवा, आटा खाली बसल्याचा बारीक धक्का जाणवेल, मग सुलटी फिरवा. नळावाल्यापासून टूलमेकरपर्यंत सगळे हेच करतात.

लेन्स विकत घेणार असाल तर दिव्याखाली बघून घ्या. माझी २८ ची सुपर-टाकुमार फोर्टातल्या एका जुन्या दुकानातून आणली. मी खिशातून टॉर्च काढल्यावर दुकानदार म्हणाले, “साहेब, बाहेरून बघा ना, किती स्वच्छ आहे.” मी म्हटलं, “बाहेरून सगळ्याच स्वच्छ असतात, काका.” अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. दुधाळ पडदा दिसला तर आतल्या ग्रीसची वाफ भिंगावर बसलीय. कडेला इंद्रधनुष्यासारखं वर्तुळ म्हणजे चिकटवलेली भिंगं सुटताहेत. ती लेन्स ठेवून या. पुढच्या भिंगावरचा ओरखडा सहसा फोटोत दिसत नाही, मागच्या भिंगावरचा दिसतो. धुळीचे चार कण असणारच. फोकसचं कडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं फिरायला हवं.

काही जुन्या टाकुमार, विशेषतः ५० मिलिमीटर एफ १.४, चहासारख्या पिवळ्या दिसतात. त्यांच्या काचेत किरणोत्सारी थोरियम आहे आणि वर्षानुवर्षांत त्याने काच पिवळी पडते. मे महिन्यात खिडकीच्या कडक उन्हात काही दिवस ठेवली की बराचसा रंग उतरतो. खाली अॅल्युमिनियम फॉइल ठेवा आणि मागचं तोंड पडद्याकडे येऊ देऊ नका. भिंग आहे, आग लावू शकतं. पिवळेपणामुळे लेन्स टाकून देऊ नका. किरणोत्सार अगदी थोडा असतो, पण ती काच घासण्याच्या फंदात मात्र पडू नका.

आता कॅमेरा. लेन्समध्ये विजेचे संपर्क नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की पुढे काहीच लावलेलं नाही. मेनूत लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा. सेन्सर हलवून कंप सावरणारा कॅमेरा असेल तर त्याला फोकल लांबी हाताने सांगा, ५८ नसेल तर जवळचा आकडा. लेन्स बदलली की हा आकडाही बदलायचा. विसरलात तर फोटो हलल्यासारखे येतात आणि दोष पुन्हा लेन्सला जातो. मोड ए ठेवा: अॅपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. व्ह्यूफाइंडरशेजारची चष्म्याच्या नंबराची चकतीही आधी जुळवून घ्या. टाकुमारवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असतो, तो मॅन्युअलवर. मागे अॅपर्चरची पिन आहे पण असा खटका नाही, अशा लेन्सना ती पिन दाबून धरणारी कड असलेला अॅडॉप्टर लागतो, नाहीतर अॅपर्चर मिटतच नाही. हेलिओसला दोन कडी आहेत. टिकटिक करणाऱ्यावर हवा तो आकडा लावून ठेवायचा. गुळगुळीत कड्याने पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग ते अडेपर्यंत फिरवून मिटायचं. डोळा न हलवता हे जमतं.

फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडांवर रंग चढतो ते, उपयोगाचं आहे. पण एफ २ वर त्याच्यावर विसंबू नका. पापणी, भुवई, केस, सगळ्यांवर एकदम लाल रंग चढतो. हेलिओसने एफ २ वर एक मीटरवरचा चेहरा काढला तर स्पष्ट पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. दोन मीटरवर साधारण १४. म्हणून जवळच्या फोटोला चित्र मोठं करून डोळ्याच्या बुबुळावर फोकस लावा आणि मग कडं सोडून द्या. माणूस थोडा हलला तर कडं फिरवू नका, स्वतः कंबरेतून पुढे-मागे झुका. शरीराची हालचाल बोटांपेक्षा बारीक होते, हे लेथवर उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

तलावपाळीला सकाळी सातच्या सुमारास झाडाखाली माणूस उभा करा, तुमच्यापासून दोन मीटरवर, आणि त्याच्यामागे सात-आठ मीटरवर उन्हाने चमकणारी पानं येऊ द्या. एफ २ वर ती पानं माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. हेलिओसचं नाव ज्यामुळे झालं ते हेच. मागे कोरी भिंत असेल तर यातलं काहीही दिसणार नाही.

गर्दीत मात्र चित्र मोठं करत बसायला वेळ नसतो. तिथे दुसरं अंतर कामाला येतं. २८ ची लेन्स, एफ ८, फोकस ३.३ मीटरवर: पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. छोट्या, एपीएस-सी सेन्सरवर तोच आकडा ४.९ मीटर घ्या. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा राममारुती रोडवर येते तेव्हा मी असंच लावून जातो. लेझीमच्या मुली अंगावर येईपर्यंत पुढे येतात, मी कड्याला हात लावत नाही.

पहिल्या वर्षी हाच प्रयोग फसला होता. तेव्हा २८ च्या लेन्सला दुसरा, पातळ अॅडॉप्टर होता, ०.१ मिलिमीटरने. कड्यावर ३.३ लिहिलेलं, पण प्रत्यक्ष फोकस साडेपाच मीटरच्याही पुढे. जवळची प्रत्येक मुलगी धूसर, मागची दुकानांची पाटी खणखणीत. तेव्हाच कळलं की लेन्सवरचे मीटरचे आकडे अॅडॉप्टर बरोबर असेल तरच खरे. तुमचे आकडे तपासा: भिंतीवर वर्तमानपत्र लावा, टेपने सेन्सरपासून तीन मीटर मोजा, अॅपर्चर पूर्ण उघडून चित्र मोठं करून फोकस लावा आणि कड्यावर काय येतं ते वाचा.

अंतर ओळखायची सवयही टेप घेऊनच लावा. आमच्या सोसायटीच्या जिन्यासमोर ६० सेंटिमीटरच्या लाद्या आहेत. पाच लाद्या म्हणजे तीन मीटर. महिनाभर रोज येता-जाता आधी अंदाज, मग लाद्या मोजायच्या. आता ठाणे स्टेशनच्या पुलावर समोरून येणारा माणूस तीन मीटरवर आला की माझं बोट आपोआप शटरवर जातं.

राहिली बुरशी. मामांनी लेन्स आयुष्यभर चामड्याच्या केसमध्ये जपली, आणि तीच केस ठाण्याच्या पावसाळ्यात ओल धरून बसली. पुढच्या भिंगाच्या आत धागे होते. मी ते काढले, पण कोटिंगवर खुणा राहिल्या. उन्हाकडे तोंड केलं की चित्र अजून फिकट होतं, म्हणून या लेन्सला ४९ मिलिमीटरचा धातूचा हूड कायम लावलेला असतो. लेन्स उघडायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा: फोकसचे आटे अनेक-सुरुवातीचे असतात, म्हणजे ते एकापेक्षा जास्त जागांवरून आत जाऊ शकतात. ते जिथे सुटतात तिथे दोन्ही भागांवर खूण केली नाही, तर परत बसवताना आकड्यांचा मेळ लागत नाही.

आता माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात असतात, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत परततो. ती कढई स्वयंपाकाला वापरत नाही. जून ते सप्टेंबर दर रविवारी डबा उघडून प्रत्येक लेन्सचं कडं एकदा पूर्ण फिरवतो, टॉर्च मारून बघतो आणि मामांची हेलिओस घेऊन तलावपाळीला जातो.