ब्रीचं टोक एकट्याने खाऊ नका

फ्रान्सचं ब्री द मो हे चीज म्हणजे थाळीएवढं चपटं चाक, साधारण 36-37 सेंटीमीटर रुंद, त्यामुळे आपल्या हातात येतो तो त्याचा लांब तिकोनी तुकडा, आणि बरेच जण पहिल्यांदा त्याचं टोकच आडवं उडवतात. तसं करू नका प्लीज! टोक म्हणजे चाकाचा मधला भाग, सगळ्यात मऊ, मग मागच्याला नुसती कडेची साल उरते. सुरी टोकापासून सालीपर्यंत उभी चालवा, लांब पातळ फोडी काढा, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही मिळतं. कामाँबेर हे असंच दुसरं मऊ फ्रेंच चीज, पण छोटं, जेमतेम 11 सेंटीमीटर रुंद, 250 ग्रॅमचं, ते सरळ केकसारखं कापा. आणि हो, तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा, थंडगार असलं की चवच लागत नाही.