ड्रिल सगळ्यात शेवटी: घरी वायफाय कॅमेरा लावण्याआधीची तयारी

कॅमेरा निवडण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर एका ओळीत लिहा की तुम्हाला नेमकं काय दिसायला हवं आहे. ‘घर दिसायला हवं’ हे उत्तर चालणार नाही. दारात आलेल्या माणसाचा चेहरा, पाळण्यातलं बाळ जागं आहे की झोपलंय, आजी सकाळी उठून स्वयंपाकघरात आल्या का, गाडीजवळ रात्री कुणी घुटमळलं का, यातल्या प्रत्येक कामाला वेगळी जागा लागते आणि बऱ्याचदा वेगळा कॅमेराही. एकाच कॅमेऱ्यात सगळं बसवायला गेलं की तो खोलीच्या कोपऱ्यात छताला चिकटतो आणि त्यात फक्त माणसांचे टाळू दिसतात.

ती ओळ लिहून झाली की थोडा हिशोब करायचा. खोक्यावर १०८०पी, ४के असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यांचा अर्थ अंतराशी जोडल्याशिवाय लागत नाही. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ सालच्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल हवेत, माहितीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि ‘कुणीतरी आहे’ एवढंच कळायला २५. १०८०पी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. २५० ने भागलं तर साडेसात मीटरच्या थोडं वर. लेन्सचा आडवा कोन ९० अंश असेल तर दृश्य अंतराच्या दुप्पट रुंद असतं, म्हणजे चेहरा पटण्याजोगा दिसतो तो पावणेचार-चार मीटरपर्यंतच. कोन ११० अंश असेल तर पावणेतीन मीटरच्या आसपास. हे सगळं भर उजेडातलं. रात्री त्याहून कमी धरा. म्हणून ‘अतिरुंद कोन’ ही जाहिरात वाचून लगेच खूश होऊ नका. खोली बघायला रुंद कोन चांगला, फाटकाजवळचा चेहरा बघायला अरुंद. शिवाय खोक्यावर बरेचदा कर्णाचा, म्हणजे चित्राच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कोन छापतात. तो आडव्या कोनापेक्षा मोठा असतो, तेव्हा आडवा कोन शोधून बघा.

आता जागा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून जिथे उपकरण लावायचं त्याच उंचीवर धरा, लागलं तर स्टुलावर उभे राहा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा फोटो काढा. समोर खिडकी किंवा पूर्व-पश्चिमेचं उघडं दार असेल तर दिवसातले काही तास येणारा माणूस काळी सावली होऊन जाईल. उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून यायला हवा. चेहरा हवा असेल तर दोन-अडीच मीटरच्या वर जाऊ नका. त्याहून खाली बाहेरच्या बाजूला लावला तर कुणाचाही हात पोचेल, म्हणून तिथे हीच उंची मधला मार्ग म्हणून चालते. आणि काचेआडून बाहेर बघण्याचा मोह टाळा: दिवसा चित्र छान येतं, रात्री मात्र कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा (अंधारात बघण्यासाठीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) उजेड काचेवर आपटून परत येतो आणि पडद्यावर पांढरा धुरळा दिसतो. काचेआडूनच लावणं भाग असेल तर ते दिवे सेटिंगमधून बंद करून बाहेर साधा दिवा चालू ठेवायचा.

‘वायरलेस’ म्हणजे फक्त चित्राला वायर नाही. बॅटरीवाले सोडले तर विजेला ती लागतेच. घरातले बहुतेक कॅमेरे ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात. निवडलेल्या जागेपासून प्लग किती लांब आहे ते टेपने मोजा, वायर कोपऱ्यांवरून कशी फिरेल ते धरून मोजा. सोबत आलेली वायर आखूड पडली म्हणून कुठलीही लांब, बारीक यूएसबी वायर जोडली की एक गमतीशीर दुखणं सुरू होतं: दिवसभर कॅमेरा नीट चालतो आणि अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो. इन्फ्रारेड दिवे लागले की तो जास्त करंट ओढतो आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. वायर जाड घ्या किंवा प्लगच जवळ आणा. बाळाच्या खोलीत वायर पाळण्यापासून किमान एक मीटर लांब राहील याची खात्री करा. ही अट वाटाघाटीची नाही.

बॅटरीवर चालणारा कॅमेरा वायरीची कटकट वाचवतो, पण तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर त्याला उठवतो आणि तो उठेपर्यंत पहिला सेकंद-दोन सेकंद निसटू शकतात. हा सेन्सर समोरून आडवं जाणाऱ्याला चटकन पकडतो, सरळ चालत येणाऱ्याला उशिरा. म्हणून तो वाटेच्या तोंडावर नको, वाट समोरून आडवी जाईल असा हवा. अखंड चित्रण हवं असेल तर बॅटरीचा विचार सोडून द्या. वीज गेल्यावरही कॅमेरा चालायला हवा असेल तर बॅकअप राउटरलाही द्यावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

राउटरपासून त्या जागेपर्यंत सिग्नल पोचतो का, हे कॅमेरा आणण्याआधी मोबाइलवर तपासता येतं. वायफाय तपासणारं कुठलंही ॲप सिग्नल उणे डीबीएममध्ये दाखवतं; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६५ च्या आसपास असेल तर निवांत राहा, उणे ७५ असेल तर चित्र अडखळणार. काँक्रीटची भिंत, लोखंडी दार, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळे सिग्नलचे शत्रू. बरेचसे घरगुती कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून बरं जातं, पण गर्दी त्याच पट्ट्यावर जास्त. आजूबाजूला पुष्कळ नेटवर्क असतील तर राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं दिसेल ते निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

इंटरनेटचा वेग बघताना सगळे डाउनलोडचा आकडा बघतात. कॅमेऱ्याला मात्र अपलोड लागतो. १०८०पी चित्रासाठी दर कॅमेऱ्याला साधारण २ एमबीपीएस धरा, एच.२६५ पद्धतीने दाबलेलं चित्र असेल तर साधारण त्याच्या निम्मं. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ मेगाबिटांचा एक एमबी; म्हणून २ एमबीपीएसने अखंड चित्रण म्हणजे तासाला ९०० एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबीच्या आसपास. हाच आकडा कार्ड निवडताना कामी येतो: १२८ जीबीच्या कार्डात पाच-सहा दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते माहितीपत्रकात बघा आणि कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, हाय एन्ड्युरन्स असं छापलेलं घ्या. फोटोंसाठीचं साधं कार्ड रात्रंदिवस लिहून लवकर मरतं, आणि मेल्याचं सांगतही नाही. क्लाउडवर साठवायचं की कार्डावर, यात माझं मत विचाराल तर घरातल्या खोलीसाठी कार्ड पुरे. बाहेरच्या, हाताला लागेल अशा कॅमेऱ्याचं निदान हालचालीचं चित्रण तरी क्लाउडवर जावं. कॅमेरा उपटून नेणारा कार्डही सोबत नेतो.

खोकं उघडल्यावर थेट भिंतीकडे धावू नका. पहिली जोडणी राउटरशेजारच्या टेबलावर. कॅमेऱ्याच्या खालचं किंवा मागचं लेबल, ज्यावर क्यूआर कोड आणि अनुक्रमांक असतो, त्याचा फोटो आधी काढून ठेवा, कारण भिंतीला लागल्यावर ते लेबल भिंतीकडे तोंड करून बसतं. मोबाइल २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर आणा. दोन्ही पट्टे एकाच नावाने चालत असतील आणि जोडणी होत नसेल तर ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करा. मोबाइलवरचं व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कमधून जाणारी खाजगी जोडणी) बंद, ॲपने मागितलेली लोकेशनची परवानगी चालू. अँड्रॉइडवर आसपासची वायफाय नेटवर्कं शोधायला ती लागते, नंतर काढून घेता येते. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुन्या घडणीचे कॅमेरे जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. नेटवर्कच्या नावात इमोजी किंवा वेडीवाकडी चिन्हं असतील तर काही कॅमेरे अडतात. मोबाइलवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याला दाखवताना पडद्याचा उजेड वाढवा आणि मोबाइल वीतभर अंतरावर धरून हळूहळू मागेपुढे करा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या हॉटस्पॉटने जोडत असाल तर मोबाइल मध्येच ‘या नेटवर्कला इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुर करेल. तिथेच जोडलेले राहा.

जोडला गेला की चित्र बघत बसण्याआधी पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, ते कुठल्याही चलाख युक्तीने नव्हे, तर कारखान्यातून आलेल्या साठ-बासष्ट यूजरनेम-पासवर्डांच्या जोड्या एकामागून एक लावून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या झुंडीने साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला केला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात सामील झाले, त्यांना काही कळलंही नसेल. तेव्हा ॲपच्या खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी चालू, कॅमेऱ्याला स्वतःचा वेगळा पासवर्ड असेल तर तोही बदललेला. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, लगेच अपडेट करून टाका. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना बाहेरून आत यायची वाट (पोर्ट) आपोआप उघडू देणारी सोय, बंद करा आणि कुणी ‘बाहेरून बघायला पोर्ट उघडा’ असं सांगितलं तर ऐकू नका. ॲपमधून किंवा स्वतःच्या व्हीपीएनमधून बघता येतं. शक्य असेल तर कॅमेऱ्यांना गेस्ट नेटवर्कवर ठेवा, म्हणजे उद्या एखादा कॅमेरा परक्याच्या ताब्यात गेला तरी त्याला तुमचा लॅपटॉप दिसणार नाही. घरातल्या इतरांना बघायचं असेल तर ॲपमधली शेअर करण्याची सोय वापरा, मुख्य खात्याचा पासवर्ड वाटू नका.

तारीख, वेळ आणि टाइमझोन तपासा. चुकीच्या वेळेचं चित्रण गरज पडेल तेव्हा वादाचा विषय होतं.

आता कॅमेरा ठरलेल्या जागी, पण अजून स्क्रू नाही. दुहेरी चिकटपट्टी, कपाटाचा माथा, काहीही चालेल. दोन-तीन दिवस आणि मुख्य म्हणजे दोन-तीन रात्री तसाच चालू द्या. या दिवसांत हालचालीच्या सूचना मार्गी लावायच्या, आणि इथे वेळ घालवणं खरोखर वसूल होतं. पंखा, हलणारा पडदा, झाडाची सावली, रस्त्यावरून फिरणारे गाडीचे दिवे, सगळ्यावर मोबाइल वाजतो. दोन दिवसांत माणूस वैतागून सूचनाच बंद करतो, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखा. संवेदनशीलता कमी करत बसण्याऐवजी आधी क्षेत्र आखा: रस्ता आणि झाड वगळा, दार आणि पायरी तेवढी ठेवा. फक्त माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. सगळे घरी असतात त्या वेळेत घरातल्या कॅमेऱ्याच्या सूचना वेळापत्रक लावून बंद ठेवा. मग स्वतः आत-बाहेर चालून बघा, दिवसा आणि अंधारात. घराबाहेर जाऊन, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर चित्र उघडतं का तेही बघा. घरात बसून केलेली चाचणी अर्धीच असते.

रात्रीच्या चित्रात कडेला पांढरा डाग दिसला तर जवळची भिंत किंवा छज्जा इन्फ्रारेड परतवतोय. कॅमेरा थोडा पुढे सरकवा. कोळी आणि चिलटं कॅमेऱ्यापाशी हमखास येतात आणि लेन्ससमोरचं जाळं रात्रभर ‘हालचाल’ म्हणून नोंदलं जातं. त्यावर कोरडं फडकं हाच उपाय.

भिंतीत भोक पाडण्याआधी एक काम राहतं, ते माणसांचं. घरात राहणाऱ्या आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला कॅमेरा कुठे आहे, काय टिपतो आणि चित्रण कोण बघतं ते सांगा. झोपायची खोली, कपडे बदलायची जागा, न्हाणीघर यांच्या दिशेने कॅमेरा नको, ‘बंदच असतो’ म्हणूनही नको. शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी चौकटीत येत असेल तर ॲपमधल्या प्रायव्हसी मास्कने तो भाग काळा करा. आवाजाचं मुद्रण बऱ्याच देशांत चित्रापेक्षा कडक नियमांत येतं, तेव्हा गरज नसेल तर मायक्रोफोन बंद ठेवा. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजीपोटी कॅमेरा लावताय, त्यांनी नको म्हटलं तर तो विषय तिथेच थांबवा असं मला वाटतं; काळजी घेण्याचे दुसरे मार्ग असतात.

मग ड्रिल. बाहेरच्या जागेसाठी निदान आयपी६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा कॅमेरा, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळेल, वायरीवरून आत जाणार नाही. वायरीचा जोड उघड्यावर ठेवू नका.

पुढे महिन्यातून एकदा लेन्स पुसा, आणि आठवडाभरापूर्वीचं चित्रण उघडून मोबाइलवर उतरवून बघा. थेट चित्र दिसतंय म्हणजे साठवलंही जातंय असं नाही. मेलेलं कार्ड याच तपासणीत सापडतं. कॅमेरा पुढे कधी कुणाला दिलात तर कार्ड काढून घ्या, फॅक्टरी रीसेट करा आणि आपल्या खात्यातूनही तो काढून टाका, नाहीतर नव्या मालकाला तो जोडता येणार नाही, किंवा त्याचं घर तुमच्या मोबाइलवर दिसत राहील.