खाडीच्या चिखलातले जीव मोजताना या चुका टाळा

ओहोटीला खाडीत उतरून चिखल आणायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवायचा, वर राहिलेले किडे-शंख मोजायचे आणि लिहायचं, ‘येथे जीवसृष्टी विरळ आढळली.’ प्रकल्पवह्यांत हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता मी आधी एवढंच विचारते: चाळणीखाली बादली होती का?

कारण खरी गर्दी त्या गळून गेलेल्या पाण्यात असते. सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक किडे), कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव) असे जीव ६३ मायक्रॉनच्या (०.०६३ मिलिमीटर) चाळणीवरच थांबतात. तळव्याएवढ्या चिखलात ते हजारोंनी निघतात. दोन्ही चाळण्या एकाखाली एक लावा.

नमुना खोल घेण्याची हौसही नको. वरचा तपकिरी थर संपून काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल लागला की प्राणवायू संपला. बहुतेक जीव वरच्या २-३ सेंटीमीटरांत असतात. खालचा काळा गाळ त्यातच कालवलात तर आकडा उगाच पातळ होतो. टोक कापलेली मोठी सिरिंज सरळ रोवा, वरचा थर वेगळा ठेवा.

नळाच्या पाण्याने धुतलं की नाजूक जीव फुगून फुटतात. बारीक गाळलेलं खाडीचंच पाणी वापरा. नमुना टिकवण्याच्या फॉर्मेलीनमध्ये आम्लता मारणारा बोरॅक्स घालायला विसरलात तर ते आम्लधर्मी होतं आणि महिन्याभरात बारीक शिंपल्यांची कवचं विरघळतात. (हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.) जीव उठून दिसावेत म्हणून घालायच्या रोझ बेंगॉल या रंगाने गुलाबी झालेलं सगळंच जीव नसतं, कुजका पालाही रंगतो.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची चूक. ‘सूत्रकृमींचं वजन नगण्य, म्हणून ऊर्जेतला वाटाही नगण्य.’ अहो, वजन ही शिल्लक झाली, उलाढाल नव्हे! वर्षभर जगणारा मोठा किडा स्वतःच्या वजनाच्या दोन-तीनपट नवं मांस तयार करतो. या बारक्यांच्या मात्र वर्षात अनेक पिढ्या होतात, त्यामुळे त्यांचं उत्पादन ढोबळमानाने वजनाच्या दहापट धरतात. म्हणजे १ ग्रॅम बारके आणि ४ ग्रॅम मोठे, हिशेब जवळपास सारखाच. तिवरांचा कुजका पाला, त्यावरचे जिवाणू, चिखलावरचे डायटम (सूक्ष्म शैवाल) हे सगळं खाऊन ते वर पोचवतात. भरतीबरोबर आत आलेली बोयी माशाची नखाएवढी पिल्लं हेच टिपत असतात. वहीत वजनाशेजारी उत्पादनाचा रकाना आखा, आणि कुठला गुणक (वजनाच्या किती पट) धरला तेही लिहा.