बंदिस्त शेळीपालन: पहिल्या महिन्यात या चुका टाळा

रानातली शेळी बोर, बाभूळ, हिवर असं दिवसभर तोंड मारत फिरते. तिच्या कोटीपोटातले (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू त्या पाल्यावरच पोसलेले असतात. गोठ्यात बांधली की शेळीची जागा एका दिवसात बदलते. जंतूंना नव्या चाऱ्याशी जुळायला दोन-तीन आठवडे लागतात. एवढा धीर कुणाला धरवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सर्वांत घातक चूक म्हणजे आल्या दिवशी भरडा. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं बाजारातून बारा उस्मानाबादी शेळ्या आणल्या. "काका, लवकर अंग धरावं म्हणून मक्याचा भरडा पोटभर घातला," म्हणाला. पहाटे पोचलो तर चार आडव्या, दात खात होत्या. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबली की पखालीतलं पाणी हलावं तसं डुचमळायचं. दाणा भसकन पोटात गेला की पिष्टावरचे जंतू काही तासांत माजतात, लॅक्टिक आम्ल साठतं, सामू (आम्लतेचं माप, pH) 5.5 च्या खाली उतरतो आणि चारा पचवणारे जंतू मरतात. डॉक्टरांनी सोडा, सलाईन सगळं केलं. तीन गेल्या, त्यातली एक गाभण.

मी विकणाऱ्याला आधी विचारतो, ही काय खात होती? तिकडचाच पाला दोन पेंढ्या सोबत आणतो. पहिले तीन दिवस तो पाला आणि तुरीचं भुसकट. चौथ्या दिवशी 50 ग्रॅम भरडा, मग दर चार दिवसांनी तेवढाच वाढवायचा. लेंडी मऊ पडली की वाढ थांबली.

लग्नातला उरलेला भात, पोळ्या घालू नका. तोच आजार होतो.

नुसत्या सुबाभळीवर शेळ्या ठेवू नका. तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे ऑस्ट्रेलियात जनावरांचे केस गळत, गलगंड होई. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी ओळखलं की फरक कोटीपोटातल्या जंतूंचा आहे. तिथले जंतू ऑस्ट्रेलियात आणून जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. 1992 मध्ये त्यातल्या एका जंतूला जोन्सी हेच नाव मिळालं. मी सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवतो.

मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून मनानं तोंडावाटे देऊ नका, चांगले जंतूही मरतात.

करडं जन्मल्याबरोबर आईपासून तोडू नका. तिला चाटत, तिच्याच गव्हाणीत तोंड घालत ती जंतू घेतात. पंधरा दिवसांची झाली की मी त्यांच्यापुढे शेवरीची कोवळी डहाळी टांगतो.