खाजनात उतरण्याआधी: वेडर घेताना होणाऱ्या चुका

वेडर म्हणजे पाण्यात-चिखलात उतरताना कपड्यांवरून घालायचा, पायात बूट किंवा मोजा जोडलेला, पाणी न शिरणारा पोशाख. खाजन म्हणजे गोव्यातली खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन. बाजारात सहज मिळणारा वेडर बहुतेक वेळा बदकांच्या शिकाऱ्यासाठी बेतलेला असतो. उत्तर अमेरिकेत शिकारीचा हंगाम थंडीत येतो. पहाटे तळ्याच्या कडेला बर्फ धरलेला असतो आणि माणूस त्या पाण्यात दोन-तीन तास जवळजवळ न हलता उभा राहतो. जाड कापड, बुटाच्या आत ऊबदार अस्तर, छातीवर काडतुसं अडकवायच्या पट्ट्या, हे सगळं त्या एका प्रसंगासाठी केलेलं.

आपल्याकडे बदकांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. गोव्यात वेडर लागतो तो जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला, करमळीच्या तळ्यावर अडई आणि तलवार बदकांचे फोटो काढणाऱ्याला, कोळंबीच्या तळ्यात उतरणाऱ्याला, नाहीतर बांधाला भगदाड पडल्यावर कमरेएवढ्या चिखलात उभं राहून माती लावणाऱ्याला. यांपैकी कुणालाही थंडी वाजत नाही. त्यांना छळतो तो चिखल आणि घाम. तरीही खरेदी करताना शिकाऱ्यांसाठी केलेल्या याद्या वाचल्या जातात आणि पहिली चूक तिथंच होते.

जाड म्हणजे चांगला, हा समज

निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे भरलेलं रबर. ते बुडबुडेच ऊब धरतात. ५ मिलिमीटरचा निओप्रीन गोठत्या पाण्यासाठी आहे. गोव्याच्या खाडीचं पाणी डिसेंबरातही २५ अंशांच्या वरच असतं. अशा पाण्यात तो घालून बांधावरून अर्धा किलोमीटर चाललं की माणूस घामानं निथळतो, आणि ओला निओप्रीन ओढत परत येणं ही वेगळीच शिक्षा. त्यात निओप्रीन तरंगतो, त्यामुळे खोल पाण्यात पाय वर उचलले जातात.

उरतात दोन पर्याय. पीव्हीसी किंवा रबर चढवलेलं नायलॉन स्वस्त असतं, कालवं आणि खुंटांना बऱ्यापैकी टिकतं, पण हवा अजिबात जाऊ देत नाही. पातळ पडद्याचं, ‘श्वास घेणारं’ म्हणून विकलं जाणारं कापड हलकं आणि सुखाचं, पण महाग. त्याच्याबद्दल फार आशा ठेवू नका. आतली वाफ बाहेर जायला आत आणि बाहेर आर्द्रतेचा फरक लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो फरकच थोडा, आणि जो भाग पाण्याखाली आहे तिथं तर वाफेला जायला वाट जवळपास नाहीच. तरीही सकाळी सहा ते नऊ असं काम असेल तर तोच घ्यावा. आठवड्यातून चार दिवस कोळंबीच्या तळ्यात उतरायचं असेल तर मात्र साधा पीव्हीसी बरा. तो फाटणारच, आणि फाटला तर जीव हळहळत नाही.

आतमध्ये जीन्स घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मांड्या सोलतात. पातळ, अंगाला बसणारी पॉलिस्टरची पँट आणि पोटरीपर्यंतचे मोजे पुरेत.

बूट: निम्मी निवड इथंच

शिकारीच्या वेडरच्या बुटावर ६००, १०००, १६०० ग्रॅम असे आकडे छापलेले असतात. पुष्कळांना ते बुटाचं वजन वाटतं. तो आत भरलेल्या अस्तराचा, एका चौरस मीटरमागचा आकडा आहे. आपल्यासाठी योग्य आकडा शून्य. अस्तर एकदा आतून ओलं झालं की दमट घरात चार दिवस सुकत नाही, आणि मग वास कशानंच जात नाही.

दुसरी चूक मापाची. परदेशी तक्त्यांतला नंबर बहुधा अमेरिकी असतो, आपल्याकडच्या चपला-बुटांवर ब्रिटिश. पुरुषांच्या बुटांत आपला ८ म्हणजे अमेरिकी ९ च्या आसपास. नंबरावर न जाता पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. थंडीचे जाड मोजे बसावेत म्हणून ‘एक नंबर मोठा घ्या’ असा सल्ला सगळीकडे दिसतो. तो इथे पाळलात तर पातळ मोज्यातला पाय बुटात पोहायला लागतो.

आणि सैल बूट चिखलात काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पाय खाजनाच्या काळ्या गाळात घोट्यापर्यंत जातो. उचलायला गेलं की बुटाखाली पोकळी होते, तिच्यात हवा शिरायला वाट नसते, आणि गाळ बूट धरून ठेवतो. पाय वर येतो, टाच बुटाच्या नडगीत चढते, बूट खालीच. आता पाऊल घोट्याच्या अरुंद भागात अडकलेलं असतं, तोल गेलेला असतो आणि दुसरा पायही आणखी खोल जात असतो. माणसं पडतात ती बहुधा या क्षणी. म्हणून जोडलेला बूट घेताना घोट्याशी आवळायचा पट्टा आहे का, हे आधी बघा. नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घोट्याभोवती आठच्या आकड्यात बांधा. दिसायला गबाळं, पण काम चोख.

मोज्यासारखा पाय असलेला आणि वरून वेगळा नाडीचा बूट घालायचा वेडर चिखलात जास्त घट्ट बसतो, हे खरं. पण वाळू आणि शिंपल्यांचा चुरा बूट व मोजा यांच्यामध्ये शिरतो आणि टाचेजवळचा निओप्रीन आतून घासत राहतो. तो घेतलात तर बुटाच्या तोंडावरची झालर खाली ओढून आकड्यानं नाडीला अडकवा, आणि घरी आल्यावर बूट व मोजा दोन्ही वेगवेगळे धुवा.

तळव्याचं थोडक्यात: नमदा (फेल्ट) लावलेला तळवा शेवाळलेल्या दगडावर चांगला, गाळात निरुपयोगी, शिवाय एका तळ्याचं तण दुसऱ्या तळ्यात नेतो. खोल खाचांचा रबरी तळवा घ्या. लोखंडी खिळे असलेला नको. होडीत चढताच होडीवाला काय बोलेल ते ऐकण्यासारखं नसतं.

खोली मोजताना चिखल विसरतात

मांडीपर्यंतचा वेडर हलका आणि थंड. भातशेतीच्या, गुडघाभर पाण्याच्या खाजनात तो पुरतो. चूक होते ती हिशेबात. पाणी दीड फूट दिसतं, म्हणून माणूस बिनधास्त उतरतो. खालचा गाळ एक फूट आत घेतो, झाले अडीच फूट. पुढचं पाऊल थोडं खोल पडलं की वेडरच्या काठावरून पाणी आत.

उतरण्याआधी बांबूची काठी दोनदा टेका. एकदा गाळाच्या पृष्ठाला नुसती लागेल इतकी, दुसऱ्यांदा अंगाचा भार देऊन. बारीक काठी पावलापेक्षा जास्त खोल जाते, तेव्हा मिळतो तो सर्वात वाईट अंदाज, आणि तोच धरावा. त्यावर एक वीत मोकळी राहत असेल तरच मांडीचा वेडर. एरवी छातीपर्यंतचा घ्या, पण कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही असं ठरवूनच. छातीपर्यंतचं कापड हे पडल्या-झडल्यासाठी आणि शिंतोड्यांसाठी असतं.

खाडीच्या कडेला ही वीतसुद्धा स्थिर नसते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला गोव्यात पाणी साधारण दोन मीटर चढतं आणि ते सहा तासांत सारखं वाटलेलं नसतं. मधल्या दोन तासांत तासाला जवळजवळ अर्धा मीटर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फरक कमी. उतरायचं ते ओहोटी लागलेली असताना, आणि ती संपायच्या आत परत फिरायचं.

मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ, वेडर घालून जाऊ नका, हे वेगळं सांगावं लागतं. मानशीची लाकडी दारं ओहोटीला बाहेरच्या बाजूला उघडतात आणि भरतीला पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात. रोज दोनदा त्या अरुंद वाटेतून सगळं पाणी धावतं, त्यामुळे दारासमोरचा तळ खणला जाऊन डोह झालेला असतो. चार पावलं मागे गुडघाभर असलेलं पाणी तिथे डोक्यावरून जाऊ शकतं. कुंभारजुवे कालव्याच्या आणि मांडवीच्या त्या आतल्या फाट्यांत मगरी आहेत. तिथं कोणत्याही मापाचा वेडर नको. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात पायवाट सोडून उतरायचं तर आधी वनखात्याची परवानगी.

पट्टा, आणि एक जुनी भीती

‘वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो’ असं म्हणतात. पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, त्यामुळे नुसत्या भरण्यानं कोणी खाली खेचला जात नाही. धोका दुसरा आहे: पाय हलवणं जड होतं, दम संपतो, आणि काठावर चढताना आतलं सगळं पाणी उचलावं लागतं. म्हणून कमरेचा पट्टा हवा. तो खालच्या भागात पाणी शिरणं लांबवतो. पट्टा न घालता फक्त खांद्याच्या पट्ट्यांवर वेडर लटकवणारे पुष्कळ दिसतात. ही सर्वात महागात पडणारी चूक.

पट्टा आवळण्याआधी काठावर एकदा उकिडवे बसा, म्हणजे पायांतली हवा वरून फस्सकन निघून जाते. ती राहिली तर पाण्यात पाय फुग्यासारखे वर येतात. खांद्याचे हूक डोळे मिटून एका हातानं सोडवता येतात का, हे घरीच बघा.

पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नका. मागे झुकून बूड टेका, भार पसरू द्या, पाय गोल हलवत बुटाच्या कडेनं पाणी खाली शिरू द्या, आणि टाच आधी सोडवा.

तीच उकिडवं बसण्याची चाचणी दुकानात मापासाठीही करायची. नंतर एक पाय खुर्चीवर ठेवा. जांघेत कापड ताणलं तर तो वेडर पहिला तिथंच फाटणार. उंची जुळते पण पोट मावत नाही म्हणून एक माप मोठा घेतला, तर पायाशी चुण्या पडतात आणि घडीवर कापड घासून जातं. काही कंपन्या आखूड-रुंद असं वेगळं माप देतात. मध्यम उंचीच्या, सुटलेल्या पोटाच्या आपल्या मंडळींना ते बरं बसतं.

गळतोय की घाम आहे?

नवा वेडर पहिल्या दिवशी परत करायला निघालेल्यांपैकी अनेकांचा वेडर गळत नसतो. ओल दोन्ही पायांना सारखी, मांड्यांच्या आत आणि पाठीवर असेल तर घाम. एकाच पायाचा मोजा पिळण्याइतका भिजला, किंवा ओलीला एका जागी सुरुवात आहे, तर भोक.

पातळ कापडाचं भोक शोधायला रात्री दिवे बंद करून आत टॉर्च फिरवा, बाहेर ठिपका चमकतो. निओप्रीनला हे चालत नाही. पडद्याचा वेडर उलटा करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं की भोकाच्या जागी गडद ठिपका उमटतो. पीव्हीसीला जुनी पंक्चरवाल्याची रीत: वरचं तोंड गुंडाळून हवा कोंडा, साबणाचं पाणी फासा, बुडबुडे बघा. भोकं बहुतेक गुडघ्याखाली सापडतात. तिवराची पेन्सिलीएवढी श्वासमुळं आणि बांधाच्या दगडांना चिकटलेली कालवं, दोघंही तिथंच बोचतात.

डकवताना हाताला येईल तो गोंद लावला जातो. झटपट चिकटणारा गोंद आणि इपॉक्सीची पुटी दोन्ही कडक होतात, आणि गुडघा चार वेळा वाकला की तडकतात. सायकलचं सोल्युशन रबराला चालतं, पीव्हीसीला धरत नाही. पीव्हीसीला पीव्हीसीचाच लवचिक गोंद आणि त्याच कापडाचं ठिगळ. निओप्रीन आणि पडद्याच्या कापडाला युरेथेनचा लवचिक गोंद. आधी गोड्या पाण्यानं मीठ धुवा, पूर्ण सुकवा, भोकाभोवती रुपयाएवढ्या जागेत गोंद पसरा आणि रात्रभर हात लावू नका.

पावसाळ्यात ठेवणं

खाऱ्या पाण्यातून आल्यावर वेडर तसाच सुकू दिला तर शिवणीत मिठाचे खडे धरतात आणि प्रत्येक पावलाला शिवणीची पट्टी करवततात. हुकांना गंज चढतो तो वेगळाच. नळाखाली बाहेरून धुवा, उलटा करून आतून सुकवा, मग सुलटा करून बाहेरून, सगळं सावलीत. उन्हात वाळत घातलेला पीव्हीसी काही महिन्यांत ताठरतो.

जूनपासून चार महिने तो बहुधा वापरला जाणार नसतो, आणि घडी करून कपाटावर टाकला जातो. घडीच्या रेषेवर पीव्हीसी चिरतो, आत बुरशी धरते. बुटांना धरून उलटा टांगा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर पंधरवड्याला बदला. पंप किंवा जुन्या मोटरच्या खोलीत टांगू नका. ठिणगी उडणाऱ्या मोटरजवळ ओझोन तयार होतो आणि तो रबराला बारीक भेगा पाडतो. आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा पाय घालण्याआधी बूट उपडा करून झटका. आत विंचू नसला तरी पाल हमखास असते.